भिंतीच्या राडारोड्यावरून पटणारी ओळख

पुण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून एक जुना आणि सोपा प्रयोग करून घेते. मायक्रोकॉकस नावाचे पिवळसर, सहसा निरुपद्रवी असणारे जिवाणू मिठाच्या सौम्य द्रावणात कालवून परीक्षानळीत भरायचे. नळी ताकासारखी गढूळ दिसते आणि तिच्यामागे धरलेल्या वर्तमानपत्राचा ठळक मथळाही वाचता येत नाही. मग अंड्याचा पांढरा बलक त्याच द्रावणात पातळ करून त्याचे काही थेंब नळीत सोडायचे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून बसायचे. थोड्याच मिनिटांत मथळ्याच्या कडा धूसर दिसू लागतात, मग अक्षरे लागतात, आणि तास संपण्याच्या बऱ्याच आधी मथळ्याखालचा बारीक मजकूरही वाचता येतो.

‘जिवाणू मेले’ एवढेच बहुतेक जण वहीत लिहितात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. नळीतले द्रावण स्वच्छ दिसत असले तरी ते रिकामे नसते. त्यात जिवाणूंच्या भिंतींचे असंख्य तुकडे विखुरलेले असतात, इतके लहान की वर्गातल्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. आपल्या शरीराला जिवाणू ओळखू येतो तो मोठ्या प्रमाणात या तुकड्यांवरून. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना मला पेठांमधले जुने वाडे आठवतात. वाडा पाडल्यावर रस्त्याकडेला राडारोड्याचा ढीग पडतो, आणि बांधकाम कळणारा माणूस त्या ढिगातल्या चपट्या विटा, चुन्याचे थर आणि सागवानी कडीपाटाचे तुकडे पाहून तिथे काय उभे होते ते अचूक सांगतो. त्याला उभा वाडा पाहावा लागत नाही.

बलकात भिंत तोडणारे जे द्रव्य असते त्याचे नाव लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते १९२१ साली सापडले, म्हणजे पेनिसिलिनच्या शोधाच्या सात वर्षे आधी. सर्दी झालेली असताना नाकातल्या स्रावाभोवती बशीवरचे जिवाणू विरघळून गेले, असे त्यांच्या लक्षात आले. हेच द्रव्य आपल्या अश्रूंत, लाळेत आणि आईच्या दुधात असते. डोळा दिवसभर उघडा राहूनही सहसा बिघडत नाही, त्याचे काही श्रेय या द्रव्याकडे जाते. मात्र लायसोझाइम नेमके काय तोडते हे समजण्यासाठी भिंत कशाची बनलेली असते ते पाहावे लागेल.

जिवाणूच्या पेशीत क्षार, शर्करा आणि प्रथिने खच्चून भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते आणि आतून बाहेर दाब पडतो. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंत हा दाब वातावरणाच्या दाबाच्या वीसेक पट असतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेशी ताडून पाहिले तर तो किती मोठा आहे हे कळते. पेशीचे पातळ, स्निग्ध पटल एकटे हा दाब पेलू शकत नाही, म्हणून त्याच्या बाहेरून एक विणलेली जाळी असते. या जाळीला पेप्टिडोग्लायकॅन म्हणतात. तिचे उभे धागे दोन प्रकारच्या शर्करांचे असतात, आणि त्या शर्करा माळेतल्या दोन रंगांच्या मण्यांसारख्या आलटूनपालटून ओवलेल्या असतात. त्यांतली एक शर्करा आपल्या शरीरातही आहे. दुसरीचे नाव म्युरॅमिक आम्ल असून लॅटिनमध्ये भिंतीला जो शब्द आहे त्यावरूनच ते नाव आले आहे. ही शर्करा माणसाचे शरीर कधीही बनवत नाही. शेजारशेजारच्या माळा अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि ही बांधणी बाजेच्या विणीसारखी सर्व बाजूंनी अखंड असल्यामुळे संपूर्ण भिंत म्हणजे एका अर्थी एकच प्रचंड रेणू असतो. लायसोझाइम या दोन शर्करांमधला सांधा कापते. पुरेसे सांधे कापले गेले की आतल्या दाबाने पेशी फुटते, आणि म्हणूनच आमची गढूळ नळी निवळते.

त्या आखूड साखळ्यांमध्ये आणखी एक वेगळेपण आहे. अमिनो आम्लांची रचना दोन प्रकारची असू शकते, आणि हे दोन प्रकार डाव्या व उजव्या हातांसारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. आपली प्रथिने डाव्या प्रकारातून घडतात. जिवाणूच्या भिंतीत मात्र काही अमिनो आम्ले उजव्या प्रकारची बसवलेली असतात. प्रथिने पचवणाऱ्या आपल्या सर्वसाधारण एन्झाइमांना ती सहजासहजी तोडता येत नाहीत, त्यामुळे भिंतीचे हे तुकडे शरीरात बराच काळ टिकतात. म्हणजे भिंतीत परकेपणाच्या दोन खुणा आहेत, एक शर्करेत आणि एक अमिनो आम्लांत, आणि जिवाणूला त्या दोन्ही टाकून देता येत नाहीत, कारण भिंत सोडली तर तो जवळजवळ कुठेही जगू शकत नाही.

भिंती सगळ्यांच्या सारख्या नसतात. दह्यावरच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवावा, स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवावा, त्यावर एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, मग एक मिनिट आयोडीन ठेवावे, अल्कोहोलने काही सेकंद धुवावे आणि शेवटी लाल सॅफ्रॅनिन घालावे. सूक्ष्मदर्शकाखाली दह्यातले जिवाणू गडद जांभळे दिसतात, काही काड्यांसारखे आणि काही मण्यांच्या सरीसारखे. टायफॉइडच्या किंवा पटकीच्या जिवाणूंवर हीच क्रिया केली तर ते गुलाबी दिसतात, कारण अल्कोहोलने त्यांचा जांभळा रंग धुऊन निघतो. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली. जांभळ्या म्हणजे ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंची जाळी २० ते ८० नॅनोमीटर जाड असते. गुलाबी म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंची जाळी काही नॅनोमीटरचीच असते, पण तिच्या बाहेर आणखी एक पटल असते आणि त्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू दाटीने बसलेले असतात. शरीराच्या दृष्टीने हा रेणू विशेष महत्त्वाचा आहे.

रोगप्रतिकार म्हटले की बहुतेकांना प्रतिपिंडे आठवतात. परंतु पूर्वी न भेटलेल्या रोगजंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि अनुकूल परिस्थितीत आतड्यातला इ. कोलाय हा जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या हिशेबाने एका जिवाणूचे दहा तासांत १०० कोटींहून अधिक जिवाणू होतील. एवढी वाट पाहणे शरीराला परवडणारे नाही. शिवाय प्रतिपिंडे बनवणाऱ्या यंत्रणेला नुसते परके प्रथिन दाखवले तर ती अनेकदा स्वस्थच बसते. त्या प्रथिनाबरोबर मेलेल्या जिवाणूंचे अवशेष टोचले तरच ती जोमाने कामाला लागते. प्रयोगशाळांत ही युक्ती अनेक दशके वापरली जात होती, पण तिचे कारण कोणाला नीट सांगता येत नव्हते. १९८९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले चार्ल्स जेनवे यांनी हे उघडपणे मान्य केले आणि एक तर्क मांडला: सूक्ष्मजीवांच्या मोठमोठ्या गटांत सामाईक असणाऱ्या, त्यांना टाकता न येणाऱ्या आणि आपल्या शरीरात नसणाऱ्या रचना ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर जन्मजात रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून पेशीला इशारा देणारी प्रथिने, असले पाहिजेत, आणि त्यांनी इशारा दिल्याशिवाय पुढची यंत्रणा हलत नसावी. असा एकही रिसेप्टर तोवर हाती लागलेला नव्हता.

त्याचा पहिला धागा फळमाशीत मिळाला. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या या माशीतल्या टोल नावाच्या जनुकात बिघाड केला तर तिला बुरशीचा प्रतिकार करता येत नाही, हे १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवले. छायाचित्रात मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे तंतू कापसासारखे माजलेले दिसतात. पुढच्याच वर्षी माणसातही टोलसारखे प्रथिन असल्याचे जेनवे आणि रुस्लान मेझितोव्ह यांनी दाखवले. ते नेमके काय ओळखते, याचे उत्तर मात्र उंदरांकडून यायचे होते.

इथे थोडे मागे जावे लागते. १८९२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणारे रिचर्ड फायफर पटकीच्या जिवाणूंचा अभ्यास करत होते. उष्णतेने मारलेले, म्हणजे वाढण्याची शक्यताच नसलेले जिवाणू टोचले तरीही गिनीपिग मरतात, असे त्यांना आढळले. विष जिवाणूच्या अंगातच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याला अंतर्विष म्हटले. हे अंतर्विष म्हणजेच वर सांगितलेले लिपोपॉलिसॅकराइड. त्याला ‘विष’ हे नाव चिकटले खरे, पण माझ्या मते त्या नावाने अनेक पिढ्यांची दिशाभूल केली, कारण हा रेणू स्वतः आपल्या पेशींची फारशी नासधूस करत नाही. त्याची चाहूल लागल्यावर आपलेच शरीर जो प्रचंड प्रतिसाद देते, त्याने रुग्ण खंगतो.

याचा पुरावा उंदरांच्या एका विशिष्ट वाणाने दिला. या उंदरांना लिपोपॉलिसॅकराइडची भरपूर मात्रा टोचली तरी काही होत नाही. आता विषाची बाधाच न होणारा उंदीर अधिक सुदृढ असावा असे कोणालाही वाटेल. परंतु हेच उंदीर खऱ्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या अगदी थोड्या संख्येनेही मरतात. अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने त्यांच्यातले बिघडलेले जनुक शोधायला पाच वर्षे घालवली आणि १९९८ साली ते सापडले तेव्हा ते टोलच्याच कुळातले निघाले. आज त्याला टीएलआर-४ म्हणतात. त्या उंदरांच्या टीएलआर-४ मध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललेले होते. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जेनवे २००३ सालीच वारले होते.

टीएलआर-४ ओळख कशी पटवते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. लिपोपॉलिसॅकराइडचा पटलात रुतलेला भाग म्हणजे दोन शर्करांचा लहानसा गाभा आणि त्याला लोंबणाऱ्या स्निग्धाम्लांच्या शेपट्या, इ. कोलायमध्ये त्या सहा असतात. आपल्या रक्तातले एक प्रथिन हा रेणू जिवाणूच्या पटलातून उपटून काढते आणि दुसऱ्याच्या हाती देते, दुसरे त्याला टीएलआर-४ ला चिकटलेल्या एमडी-२ या तिसऱ्या प्रथिनाकडे पोहोचवते. एमडी-२ मध्ये एक खोल, स्निग्ध खोबण असते. सहापैकी पाच शेपट्या त्या खोबणीत पूर्ण बसतात, सहावी मात्र काठावर राहते आणि तिथून शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला टेकते. या टेकण्यामुळे दोन टीएलआर-४ एकत्र येतात, पेशीच्या आतल्या बाजूची त्यांची टोके जुळतात आणि इशारा पेशीकेंद्रापर्यंत जातो. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी संदेशवाहक प्रथिने बाहेर पडतात, त्यांच्यामुळे मेंदू शरीराचे तापमान वाढवतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी धावतात. संसर्ग एखाद्या फोडापुरता असेल तेव्हा हे सगळे उपकारक असते. हाच प्रकार एकाच वेळी सर्व शरीरात झाला तर रक्तदाब कोसळतो.

शेपट्यांची ही मोजदाद म्हणजे निव्वळ रसायनशास्त्रातला तपशील नव्हे, आणि पुण्याच्या माणसाला तर ती परकी वाटू नये. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा जिवाणू ग्राम-निगेटिव्ह आहे. तो पिसवेच्या शरीरात, म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या तापमानाला असतो तेव्हा त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडला सहा शेपट्या असतात. माणसाच्या ३७ अंश सेल्सिअसच्या शरीरात शिरल्यावर तो प्रामुख्याने चार शेपट्यांचे रेणू बनवू लागतो. चार शेपट्या एमडी-२ च्या खोबणीत नुसत्या बुडून जातात, शेजाऱ्याला टेकायला काही उरत नाही आणि इशारा नीट जात नाही. पहारा जागा होईपर्यंत जिवाणूंची संख्या हाताबाहेर गेलेली असते. शास्त्रज्ञांनी या जिवाणूला ३७ अंशांवरही सहा शेपट्या बनवायला भाग पाडले तेव्हा त्याची बाकीची सगळी हत्यारे शाबूत असूनही तो उंदरांना मारू शकला नाही. हा शोध २००६ सालचा आहे. त्या वर्षी मी पहिल्यांदा तो वर्गात शिकवला, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या साथीकडे पाहण्याची माझी दृष्टी तेव्हापासून बदलली.

आता पुन्हा मूळ जाळीकडे, म्हणजे पेप्टिडोग्लायकॅनकडे येऊ. तिचे तुकडे ओळखणारे मुख्य रिसेप्टर पेशीच्या आत असतात. भक्षक पेशी जिवाणूला गिळते, पोटातल्या पिशवीत लायसोझाइम आणि इतर एन्झाइमांनी त्याची भिंत फोडते, आणि त्यातले बारीक तुकडे वाहक प्रथिनांमार्फत पेशीद्रवात येतात. तिथे नॉड-१ आणि नॉड-२ अशी दोन प्रथिने असतात. नॉड-२ ला म्युरॅमिक आम्ल आणि त्याला जोडलेली दोन अमिनो आम्ले एवढा छोटा तुकडा पुरतो. हा तुकडा ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह दोन्हींच्या भिंतींत असतो. नॉड-१ मुख्यतः ग्राम-निगेटिव्ह भिंतीतल्या एका विशिष्ट अमिनो आम्लाकडे पाहते. त्यातही एक सूक्ष्म पायरी आहे: नॉड-२ ने ओळखण्यापूर्वी आपलीच पेशी त्या तुकड्यावर फॉस्फेटची खूण करते, असे २०२२ साली स्पष्ट झाले. जेनवे यांनी ज्या युक्तीबद्दल प्रश्न विचारला होता, त्या मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांतला सर्वांत लहान परिणामकारक अंश म्हणून १९७४ साली हाच तुकडा वेगळा काढला गेला होता. तो कोण ओळखतो, ते कळायला २००३ साल उजाडले.

तुकडा पडल्याशिवाय ओळख पटत नसेल, तर तुकडा पडूच न देणे हा जिवाणूच्या दृष्टीने उत्तम बचाव ठरतो. गळवे करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या म्युरॅमिक आम्लावर एक लहानसा रासायनिक गट चढवतो, त्यामुळे लायसोझाइमला तो सांधा कापता येत नाही आणि पाडकामच थांबते. याच्या उलट डांग्या खोकल्याचा जिवाणू. प्रत्येक जिवाणूला वाढताना स्वतःची भिंत जागोजागी उसवावी लागते, इ. कोलाय एका पिढीत जवळजवळ निम्मी जाळी उसवतो, पण निघालेला बहुतेक माल पुन्हा वापरतो. डांग्या खोकल्याचा जिवाणू हा माल मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो, आणि त्या तुकड्यांमुळे श्वासनळीच्या आतल्या अस्तरातल्या, कफ वर ढकलणाऱ्या केसाळ पेशी नष्ट होतात. मुलाला धाप लागेपर्यंत येणाऱ्या खोकल्याच्या उबळींमागे या राडारोड्याचा मोठा हात आहे.

मग आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असताना तिथे रोज आग का भडकत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो आणि तो जिवाणूंना दूर ठेवतो. आतड्यात मोठ्या संख्येने राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस गटाच्या जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडला चार-पाचच शेपट्या असतात, त्यामुळे त्यांचा इशारा क्षीण असतो. शिवाय आतड्यातले एक एन्झाइम त्या रेणूवरचा फॉस्फेट काढून त्याची धार कमी करते. या समतोलात नॉड-२ चाही वाटा आहे. त्याच्या जनुकातले काही बदल क्रोन्स या आतड्याच्या दीर्घ आजाराची शक्यता वाढवतात, हे २००१ साली कळले. हे बदल पहारा मंद करणारे आहेत, तरीही त्यातून दाह वाढतो. पहारेकऱ्याने वेळीच बारीक इशारा दिला नाही तर जिवाणू अस्तराच्या फार जवळ येत असावेत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

भिंतीच्या तुकड्यांचा विचार औषधनिर्मितीत रोज करावा लागतो. पाणी उकळले, किंवा ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली तापवले, तर जिवाणू मरतात, पण त्यांचे लिपोपॉलिसॅकराइड बऱ्याच अंशी टिकून राहते. काचेच्या बाटलीवरून ते नाहीसे करायला साधारण २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. म्हणून शिरेतून द्यायच्या सलाईनची बाटली निर्जंतुक आहे एवढे सिद्ध होऊन भागत नाही, तिच्यात अंतर्विष नाही हेही तपासावे लागते. दर किलो वजनामागे तासाला ५ एकके ही त्याची नेहमीची मर्यादा आहे, आणि मोजमापासाठी नालेच्या आकाराच्या एका प्राचीन समुद्री प्राण्याच्या निळसर रक्तापासून केलेला अर्क वापरतात, कारण अंतर्विषाचा लवलेश असला तरी तो अर्क गोठतो. लसी आणि इंजेक्शने बनवणारे कारखाने पुण्याच्या परिसरात पुष्कळ आहेत, आणि आमचे कितीतरी विद्यार्थी त्यांच्या गुणवत्ता विभागांत हीच चाचणी करत असतात.

पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात त्याच्या पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन भिंतीवरच घाव घालते: माळांना एकमेकींशी बांधणाऱ्या एन्झाइमांना ते निकामी करते, नव्या भिंतीची वीण सैल राहते आणि पेशी फुटते. म्हणजे प्रत्येक परिणामकारक डोसाबरोबर शरीरात तुकड्यांचा लोंढा सुटतो. बहुतेक संसर्गांत त्याचे काही वाटत नाही. न्युमोकॉकसमुळे झालेल्या मेंदूज्वरात मात्र कवटीच्या बंदिस्त जागेत दाह आणि सूज वाढायला वाव नसतो, आणि एकाएकी फुटलेल्या भिंतींच्या तुकड्यांनी तो दाह आणखी भडकतो. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे बहिरेपण येते. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर डेक्सामेथासोन हे दाह शमवणारे औषध देतात, आणि ते प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसच्या थोडे आधी किंवा निदान त्याच्याबरोबर देण्याचा प्रयत्न करतात, म्हणजे भिंती कोसळायला लागतील तेव्हा त्यांना मिळणारा प्रतिसाद आधीच थोडा आवरलेला असेल.